जोडलेली माणसे आणि व्यवहाराचे सत्य

मनुष्याने मनुष्याशी संबंध जोडताना त्यापासून आपणांस काय लाभ होईल याचा विचार मनात आणावा की नाही, आणि आणलाच तर त्या विचाराने तो संबंध मुळातच भ्रष्ट होतो किंवा कसे, हा प्रश्न फार जुना असून आजवर तो मुख्यतः दरबारी वावरणाऱ्यांना, सावकारी पेढ्या चालविणाऱ्यांना आणि सोयरिकी जुळविणाऱ्यांना छळीत आला होता; परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत घरबसल्या, संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावरून, व्यावसायिक ओळखी जोडण्याची आणि त्या टिकविण्याची जी एक नवी विद्या उदयास आली आहे, तिने हा प्रश्न नुकत्या पदवीधर झालेल्या मुलाच्या, चाकणच्या लहान कारखानदाराच्या आणि घरून मसाले विकणाऱ्या गृहिणीच्याही दारी आणून उभा केला आहे. ओळख ठेवावी, ती वाढवावी, अधूनमधून तिला खतपाणी घालावे आणि प्रसंग येताच तिचा उपयोग करून घ्यावा, असा उपदेश आता उघडपणे केला जातो, त्याचे वर्ग चालतात, आणि एके काळी ‘वशिला’ हा शब्द उच्चारताना जो संकोच वाटे तो ‘नेटवर्किंग’ म्हणताना कोणाला वाटत नाही.

या विद्येची सर्वांत मोठी पेढी म्हणजे लिंक्डइन. २००२ च्या डिसेंबरात ती स्थापन झाली, २००३ च्या मे महिन्यात लोकांना खुली झाली, २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ती २६.२ अब्ज डॉलरांना विकत घेण्याचा करार जाहीर केला, आणि आज तिची सभासदसंख्या शंभर कोटींच्या पलीकडे आहे. तिच्या संस्थापकांपैकी रीड हॉफमन हे गृहस्थ ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकलेले आहेत, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. कारण मनुष्य हा कोणकोणत्या नात्यांनी बांधलेला आहे आणि त्या नात्यांचे मोल काय, हा प्रश्न तत्त्वज्ञाच्याच डोक्यात प्रथम यावयाचा, मग त्याचे उत्तर त्याने ग्रंथात लिहावे किंवा बाजारात मांडावे. या पेढीवर एका सभासदाला तीस हजारांपर्यंत थेट ओळखी जोडता येतात. अरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या प्रकरणात, पुष्कळांशी उत्कट मैत्री होणे शक्यच नाही, असे जे प्रतिपादन केले आहे, ते त्याने तीस हजारांचा आकडा डोळ्यांपुढे न ठेवताच केले होते.

आमच्या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि ती दोन्ही मला सारखीच अपुरी वाटतात. पहिले विरक्ताचे: ज्या संबंधात लाभाची अपेक्षा शिरली तो हीन, आणि सज्जनाने त्यापासून दूर राहावे. ऐकावयास हे उदात्त आहे. पण ते देणाऱ्याच्या ग्रंथाचा कागद, त्याच्या वस्त्राचे सूत आणि त्याच्या नैवेद्याची साखर ज्या असंख्य अनोळखी व्यापाऱ्यांच्या परस्परविश्वासातून त्याच्यापर्यंत येऊन पोहोचते, त्यांची बाजू ते ऐकूनच घेत नाही. दुसरे उत्तर चतुराचे: सर्वच संबंध स्वार्थाचे असतात, तेव्हा संकोच कसला? आणि हा चतुर थोडा बहुश्रुत असला तर बृहदारण्यकोपनिषदातील याज्ञवल्क्याला साक्षीस बोलावतो, कारण पती, पत्नी, पुत्र, वित्त ही त्यांच्याकरिता प्रिय नसून आत्म्याकरिता प्रिय असतात असे त्याने मैत्रेयीला सांगितलेच आहे. हा साक्षीदार मात्र त्याच्यावरच उलटतो. ज्या वेळी हा संवाद झाला त्या वेळी याज्ञवल्क्य आपल्या मालमत्तेची दोन भार्यांमध्ये वाटणी करून घर सोडून निघाला होता, आणि या संपत्तीने मी अमर होईन काय, असे विचारून मैत्रेयीने आपल्या वाट्यापेक्षा ज्ञानाचीच मागणी केली होती. त्या प्रसंगी सांगितलेला आत्मा हा ज्याचे बँकेत खाते आहे असा अहंकार असू शकत नाही, हे उपनिषद एकदा तरी सलग वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल.

या दोन टोकांच्या मधली वाट दाखवावयास आपल्याच परंपरेतील एक विवेक माझ्या मते पुरेसा आहे. अद्वैत वेदान्तात सत्तेचे तीन प्रकार मानतात: पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. शिंपल्यावर भासणारे रुपे हे तिसऱ्याचे प्रसिद्ध उदाहरण. आता गंमत अशी की, शिंपल्यावरचे हे रुपे घेऊन कोणी सराफाकडे गेला तर सराफ त्याला दुकानाबाहेर काढील, परंतु खरे रुपे घेऊन गेला तर, ब्रह्मज्ञान्याच्या दृष्टीने तेही मिथ्याच असले तरी, सराफ ते काट्यावर तोलून घेईल आणि त्याचा दाम मोजील. म्हणजे जे पारमार्थिक नाही ते सर्व खोटे, असे वेदान्ती म्हणत नाही. व्यवहाराला व्यवहाराच्या पायरीवर स्वतःचे एक सत्य आहे, आणि त्या पायरीवर खऱ्याखोट्याचा निवाडा पूर्णपणे करता येतो. निर्हेतुक स्नेह हा पारमार्थिकाच्या जवळ जाणारा संबंध होय. उभयतांनी जाणून-बुजून, आपापला लाभ पाहून, वचने पाळून चालविलेला व्यापारी संबंध हा व्यावहारिक होय. आणि स्नेहाचे रूप धारण केलेला, पण ज्यात स्नेहही नाही आणि सांगितलेला व्यवहारही नाही, असा जो संबंध, तो प्रातिभासिक होय. एकावर दुसऱ्याचे धर्म लादणे यालाच शास्त्रात अध्यास म्हणतात. शंकराचार्यांनी समग्र लोकव्यवहारच अध्यासावर उभा असल्याचे सांगितले आहे, तेव्हा मी हा शब्द त्यांच्यापेक्षा पुष्कळच आखूड अर्थाने वापरीत आहे, हे जाणकारांनी समजून घ्यावे. माझे म्हणणे एवढेच, की ऑनलाइन ओळखींच्या बाजारात दोष आहे तो स्वार्थाचा नव्हे, तर या अध्यासाचा आहे.

अरिस्टॉटलला हे रोगनिदान आधीच झाले होते. उपयोगासाठी, सुखासाठी आणि सद्गुणासाठी अशा मैत्रीच्या तीन जाती त्याने केल्या, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण आठव्या प्रकरणाच्या उत्तरार्धात उपयोगाच्या मैत्रीचेही जे दोन पोटभेद त्याने केले, त्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. एक करारावर चालणारी: इतके दिले, इतके घ्यावयाचे, मुदत अमुक. दुसरी अशी, की देणारा मित्राला द्यावे तसे देतो, अटी बोलत नाही, पण मनात मात्र तितकेच किंवा अधिक परत येईल असे धरून चालतो, जणू त्याने दान केलेच नव्हते, उसने दिले होते. तक्रारी आणि दूषणे ही मुख्यतः उपयोगाच्या मैत्रीतच उद्भवतात, आणि माणसे एका समजुतीने संबंधात शिरून दुसऱ्या समजुतीने बाहेर पडू लागली की उद्भवतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्याकडील हातउसन्या पैशांवरून तुटलेली भावकी ज्याने पाहिली आहे त्याला यावर भाष्य नको.

आता या नव्या विद्येचे साधक प्रत्यक्ष काय करतात ते पाहावे. कोणाला बढती मिळाली, कोणाच्या नोकरीस पाच वर्षे झाली, कोणाचा वाढदिवस आला, याची वर्दी यंत्रच देते. अभिनंदनाचा मजकूरही यंत्रच सुचविते. आपण केवळ बोट टेकवावयाचे. ज्याला अभिनंदन पोहोचते त्याच्या बाजूलाही आभाराचा मसुदा तयारच असतो. अशा रीतीने, कोणी कोणाची आठवण न काढता, दोन माणसांमध्ये आठवणीची देवाणघेवाण पार पडते, आणि पुढे सहा महिन्यांनी जेव्हा त्यातील एक जण दुसऱ्याकडे कामाची दरखास्त घेऊन येतो, तेव्हा ही सहा महिन्यांची अभिनंदने तो मनातल्या मनात जमेस धरून आलेला असतो. या प्रकाराची सीमा कुठवर जाऊ शकते याचा एक दाखला न्यायालयाच्या दप्तरी आहे. सभासदाच्या पत्त्यांच्या यादीतील लोकांना त्याच्या नावाने निमंत्रणे जात, आणि उत्तर न आल्यास त्याच्याच नावाने पुन्हा स्मरणपत्रे जात, या तक्रारीवरून अमेरिकेत लिंक्डइनवर सामूहिक दावा झाला. पहिल्या निमंत्रणाला सभासदांची संमती होती, परंतु पुढच्या तगाद्याला ती होती असे म्हणता येत नाही, अशा रोखाने न्यायालयाने तो चालू दिला. आणि २०१५ साली कंपनीने, दोष कबूल न करता, १.३ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. सभासदाच्या नावाने पाठविलेल्या, परंतु त्याने न लिहिलेल्या पत्रात कोणाचा आग्रह होता? मित्राचा तर नव्हेच, आणि व्यापाऱ्याचाही नव्हे, कारण व्यापारी निदान तगादा करतो तेव्हा तो आपण करीत आहोत हे जाणतो.

जुन्या पेढ्यांवरील व्यवहार याहून निराळा होता तो कशाने, याचा विचार करताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा हुंडीकडे जाते. पुण्याच्या सावकाराने लिहिलेली हुंडी काशीच्या पेढीवर पटे, आणि मधल्या हातांतील कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसे. म्हणजे अपरिचितांशी दुरून संबंध ठेवण्यात नवीन असे काही नाही. दर्शनी हुंडी दाखवताच द्यावयाची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. आणि शाहजोग हुंडीचे पैसे तर बाजारात प्रतिष्ठित म्हणून ज्ञात असलेल्या शहालाच द्यावयाचे, कोणा येरागबाळ्याला नव्हे, अशी तिची शर्त असे. पैसे देणाऱ्याने, मागणारा खरोखरच शहा आहे काय, याची चौकशी करणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि चौकशीत कसूर केली तर नुकसान त्याच्या माथी. याहून मार्मिक वस्तू म्हणजे जिकरी चिठ्ठी. हुंडी नाकारली जाण्याची भीती वाटल्यास, ती लिहिणारा किंवा तिच्यावर पाठीमागे सही करणारा, त्या गावातील आपल्या परिचयाच्या पेढीला पत्र लिहून ठेवी, की अमक्याने नाकारली तर आपण आमच्या इभ्रतीखातर ती सकारावी. ज्याला हे पत्र जाई त्याचे पैसे अडकत; ज्याने लिहिले त्याची पत पणाला लागे. आजच्या पडद्यावर एखाद्याच्या कौशल्याला अनुमोदन देण्यासाठी एक कळ दाबावी लागते, आणि त्या माणसाचे काम आपण पाहिले आहे किंवा नाही हे कोणी विचारीत नाही. शिफारस हा शब्द तोच राहिला, परंतु तिच्यातील जोखीम निघून गेली, आणि व्यवहाराला जे सत्य होते ते या जोखमीतच होते असे माझे मत आहे. ज्या शब्दासाठी बोलणाऱ्याला काहीही गमवावे लागत नाही, तो शब्द ऐकणाऱ्याने कशाच्या आधारावर खरा मानावा?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेण्याजोगा आहे. असल्या विरळ ओळखींचा उपयोग होतो, हे तर सिद्ध झाले आहे ना? झाले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना, ही ओळख करून देणाऱ्या माणसाला आपण कितपत भेटत होता, असे विचारले होते. वारंवार भेटणारे १६.७ टक्के निघाले, क्वचित-प्रसंगी भेटणारे ५५.६ टक्के आणि जवळजवळ न भेटणारे २७.८ टक्के. कारण उघड आहे: आपल्या जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच, नवी बातमी दूरच्याकडून येते. तेव्हा दुरून ठेवलेली, वर्षा-दोन वर्षांनी एखादे पत्र लिहून जागी केलेली ओळख ही क्षुद्र वस्तू आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गावाबाहेर, जातीबाहेर, नात्यागोत्याबाहेर ज्याचे कोणी नाही अशा तरुणाला या पडद्याने जो दरवाजा उघडून दिला आहे, तो जुन्या पेढीने त्याच्यासाठी कधीच उघडला नसता. शाहजोग हुंडीतला शहा कोण, हे ठरविणारा बाजार काही सर्वांचा नव्हता. ही गोष्ट जुन्याच्या अभिमान्यांनी, ज्यांत मी काही अंशी मोडतो, नजरेआड करू नये.

परंतु याच सिद्धान्ताची पुढे जी कसोटी घेतली गेली ती पाहता प्रश्न अधिक बिकट होतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवर पाच वर्षे प्रयोग झाल्याचे नमूद आहे: ‘ही माणसे तुमच्या ओळखीची असतील’ असे जे यंत्र सुचविते, त्यात कोणाला अधिक विरळ ओळखी सुचवावयाच्या आणि कोणाला दाट, हे बदलून पाहिले गेले, आणि मध्यम विरळ ओळखीच नोकरीसाठी सर्वांत हितकर ठरतात असा निर्णय निघाला. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांना तो होत असल्याची कल्पना दिलेली नव्हती. ज्ञानाच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे यात संशय नाही. पण कोणाची कोणाशी गाठ पडावी हे पूर्वी दैवाकडे किंवा मध्यस्थाकडे होते, ते आता अशा एका मध्यस्थाकडे गेले की ज्याची दलाली आपल्याला दिसत नाही आणि ज्याला आपण साधन म्हणून वापरीत आहोत असे समजत असताना तोच आपल्याला साधन म्हणून वापरीत असतो. मनुष्याला केवळ साधन मानू नये, हे कांटचे १७८५ मधील सूत्र या संदर्भात नेहमी सांगितले जाते, आणि त्यातील ‘केवळ’ हा शब्द नेहमी गाळला जातो. साधन म्हणून आपण एकमेकांचा उपयोग करणारच. टपालवाला, शिंपी, वकील यांचा करतोच. पण त्या उपयोगाला दुसऱ्याची समजून-उमजून संमती असू शकेल असा तो असावा, एवढी कांटची अट आहे, आणि लपविलेल्या हेतूला संमती देणे कोणालाही शक्य नाही.

महाराष्ट्रात मराठी उद्योजकांनी एकत्र यावे, एकमेकांना काम मिळवून द्यावे, या हेतूने माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब स्थापन केला. त्याचे ब्रीद तुकोबांच्या एका सर्वमुखी चरणावरून घेतलेले आहे, मात्र तेथील सुपंथाच्या जागी श्रीमंती आली आहे. हे पाहून पुष्कळ भाविकांच्या कपाळाला आठी पडते. मला उलट या ब्रीदातील सरळपणा आवडतो. आम्ही धनासाठी एकत्र आलो आहो, असे दारावरच लिहिले असल्यावर आत येणाऱ्याची फसवणूक होत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन भाग केले आहेत त्यांत, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेले सात्त्विक आणि परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले राजस, असा भेद आहे; या निकषावर सर्व व्यापारी मंडळांतील परस्परसाहाय्य राजसच ठरेल, पण भगवंतांनी राजसाला तामसाच्या पंक्तीला बसविलेले नाही. राजसाने सात्त्विकाचा टिळा लावून हिंडणे, हा तेवढा आक्षेपाचा विषय.

व्यवहार चोख ठेवला तर त्यातून स्नेह उत्पन्न होऊ शकतो, हेही खोटे नाही. बेळगावहून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी संबंध दृढ झाला तो औंधच्या देवीच्या सभामंडपाच्या कामावरून; काम चोख झाले, माणूस पारखला गेला, आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकालगतच्या माळावर, पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जमिनीवर, किर्लोस्करवाडी उभी राहिली. या संबंधाच्या मुळाशी गोड पत्रे नव्हती, एक पुरे केलेले काम होते.

आणि ज्याने व्यवहारच सोडला त्याने तो कसा सोडला, हेही पाहण्यासारखे आहे. तुकाराम महाराज वाण्याचा व्यवसाय करणाऱ्या घरचे, दुष्काळात दिवाळे निघालेले. लोकांकडे येणे असलेली खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली ही कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु परंपरा असे सांगते, की बुडविण्यापूर्वी त्यांनी खतांचे दोन वाटे केले आणि धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हवाली करून मग आपला तेवढा बुडविला. आपले वैराग्य भावाच्या हिशेबावर त्यांनी लादले नाही. परमार्थ आणि व्यवहार यांची सरमिसळ न करणारा हा विवेक ज्याच्यापाशी होता, त्यालाच व्यवहार सोडण्याचा अधिकार होता असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून ज्यांना या नव्या बाजारात वावरणे प्राप्त आहे, त्यांना ओळखी जोडू नका असे सांगण्यात अर्थ नाही. सांगावयाचे ते इतकेच, की पहिल्या पत्रातच आपले काम काय ते लिहावे; ज्याचे काम पाहिले नाही त्याची शिफारस करू नये; आणि यंत्राने सुचविलेली शुभेच्छा पाठविण्यापेक्षा काहीच न पाठविणे बरे. पण माझी खरी विनंती, ज्यांच्या दारी अशा पत्रांची रास पडते त्या मोठ्या कचेऱ्यांतील, मोठ्या हुद्द्यांवरील आपल्या माणसांना आहे. नांदेडच्या किंवा चिपळूणच्या एखाद्या मुलाने, कोणाची ओळख नसताना, धीर करून तुम्हांला लिहिलेले असते, आणि तुम्ही त्याला होकारही देत नाही, नकारही देत नाही. पेढीवर आलेली हुंडी एक तर सकारली जाई किंवा नाकारली जाई. ती गल्ल्याखाली सरकवून गप्प बसण्याची मुभा कोणत्याही सावकाराला नव्हती. देण्यासारखे काही नसेल तर त्या मुलाला दोन ओळींत स्पष्ट नाही म्हणून कळवा.